आठची मगर

घड्याळकाकांना एक दिवस मगर धरणार, हे गावाने मान्य करून टाकलं होतं. वाद होता तो फक्त महिन्याबद्दल. पोस्टमनच्या मते याच महिन्यात, बेकरीवाल्याच्या मते पाणी अजून थोडं उतरलं की. स्वतः काकांना यात काही तथ्य वाटत नव्हतं. त्यांच्या सव्वीस वर्षांच्या नोकरीत असा प्रकार कधी झाला नव्हता, आणि जे सव्वीस वर्षांत झालं नाही ते आता व्हायला कोणाची परवानगी आहे, असा त्यांचा एकंदर सूर असे.

काका पाटबंधारे खात्यात पाण्याची पातळी मोजायला होते. जुन्या पुलाच्या खांबावर एक रंगवलेली पट्टी होती. पाणी तिच्या कितव्या रेघेला लागलंय ते रोज सकाळी बघायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच काम. पण रेघा इतक्या पुसट झाल्या होत्या की दगडी पायऱ्या उतरून अगदी पाण्यालगतच्या पायरीवर उभं राहून वाकावं लागे. रंगाचा डबा द्या म्हणून काकांनी खात्याला चार पत्रं लिहिली होती. खात्याने चारही पत्रांना न चुकता उत्तरं दिली. रंग तेवढा दिला नाही.

काका पायरीवर पोचायचे ते ठीक आठला. आठ म्हणजे आठ; आठला एक मिनिट कमी असेल तर ते वरच्या पायरीवर थांबून राहत. ते बेकरीसमोरून गेले की बेकरीवाला दुसरी भट्टी उघडायचा. ते शाळेच्या फाटकाशी दिसले की शिपाई पहिली घंटा द्यायचा. पुलाकडे वळले की बस सुटायची. गावात घड्याळं नव्हती असं नाही, पण काका फुकट होते आणि त्यांना किल्ली द्यावी लागत नव्हती.

काकूंना मात्र काकांचं कौतुक करायला वेळ नव्हता. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या, खिडकीशी मशीन मांडून. लग्नानंतर पहिली काही वर्षं त्यांनाही नवऱ्याच्या वक्तशीरपणाचा अभिमान वाटला. मग सवय झाली, मग कंटाळा आला, आणि मग नदीत मगर आली.

पहिल्यांदा पायरीवरचं लंगडं कुत्रं गेलं. मग कोळणीची टोपली गेली. कोळीण रोज तिथेच मासे साफ करून घाण पाण्यात लोटायची. टोपली गेल्यावर तिने मगरीला अशा शिव्या दिल्या की ऐकणाऱ्याला वाटावं, मगर जुनं गिऱ्हाईक आहे आणि उधारी बुडवून गेलीय. शेवटी वनखात्याने एक बाई पाठवली. खाकी कपडे, गळ्यात दुर्बीण, आवाज खणखणीत. गावाने तिचं नाव मगरबाई ठेवलं आणि शाळेत सभा भरवली.

मगरबाईने सगळं नीट समजावून सांगितलं. पाण्याच्या कडेपासून पाच-सहा पावलं लांब राहा. काठावर मासे साफ करू नका. पाणी शांत दिसतंय म्हणून आत काही नाही असं समजू नका. दिवसचे दिवस मगर नुसती बघत असते, कोण कुठे येतं, कधी येतं.

"पळताना नागमोडी पळायचं ना?" बस चालवणाऱ्याने विचारलं. त्याला यातलं बरंच माहीत होतं, म्हणजे तसा त्याचा समज होता.

"सरळ पळा," मगरबाई म्हणाली. "नागमोडी पळून तुम्ही फक्त उशीर कराल."

"आणि धरलंच तर?" हा प्रश्न काकूंचा. शेवटच्या रांगेतून.

"धरलं तर गप्प राहू नका. ती आपणहून सोडत नाही. डोळ्यावर मारा. हातात जे असेल त्याने, काही नसेल तर बोटांनी, पण डोळ्यावर. पाठीवर मारून तिला कळतसुद्धा नाही. आणि सुटलात की तिथेच बसून रडू नका, आधी पाण्यापासून लांब व्हा. ती पुन्हा येते. मग डॉक्टर, नुसतं खरचटलं असलं तरी."

मग काका उभे राहिले. सदरा खाली ओढून सारखा केला, घसा साफ केला.

"ही मगर साधारण किती वाजता येते?"

मगरबाईने त्यांच्याकडे पाहिलं. पुलावर बसून तिने चार सकाळी काढल्या होत्या. "आठला," ती म्हणाली. "तुम्ही येता म्हणून."

सभा हसली. काकाही हसले, आणि घरी जाताना काकूंना म्हणाले, "बघितलंस? जनावराला कळतं वेळेचं महत्त्व. आपल्या पोस्टमनला कळत नाही."

त्या दिवसापासून काकू त्यांच्या मागे लागल्या. त्यांनी सगळे उपाय केले. "अहो, नऊला गेलात तर नदी काय पळून जाणार आहे?" असं विचारून झालं. रुसून झालं. जेवणाचं ताट आपटून झालं. काकांचं एकच उत्तर, "खात्याचा हुकूम आहे. आठ म्हणजे आठ." हुकूम म्हटल्यावर काकूंचं तोंड बंद व्हायचं, कारण त्या हुकुमावरच घर चाललं होतं. मग रोज पावणेआठ ते सव्वाआठ त्या मशीनवर बसून राहायच्या आणि एकही टाका घालायच्या नाहीत. परतीची पावलं वाजली की मशीन सुरू.

असे दहा दिवस गेले. अकराव्या दिवशी काका अंघोळीला गेले असताना काकूंनी फळीवरचं त्यांचं मनगटी घड्याळ उचललं आणि वीस मिनिटं मागे केलं. मग भिंतीवरचं. मग गजराचं. रेडिओवर सकाळी वेळ सांगायचे, म्हणून त्याच्या आतली एक वायर कात्रीने तोडली आणि झाकण परत लावलं. आपण किती शांतपणे हे केलं याचं त्यांनाच नवल वाटलं.

काका त्या दिवशी आठ वीसला पायरीवर पोचले आणि त्यांनी वहीत आठ लिहिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंनी घड्याळं पुढे केली, मग मागे, मग अजून मागे. ठराविक असं काही नाही. मगरीला अंदाज येता कामा नये. काकांना कसलाही संशय आला नाही. एकदा ऊन बरंच वर आलेलं पाहून ते दारात थबकले, मनगटाकडे बघितलं, आकाशाकडे बघितलं आणि आकाशाला माफ करून चालू लागले.

गावाची मात्र दैना झाली. शाळा कधी पावणेआठला भरायची, कधी सव्वाआठला. मुख्याध्यापकांनी उशिरा येणाऱ्या मुलांना उभं केलं, मग लवकर येणाऱ्यांनाही केलं. पाव एक दिवस कच्चे, एक दिवस करपलेले. बस अर्धे प्रवासी मागे ठेवून सुटायची आणि मागे राहिलेले एकमेकांना आळशी म्हणायचे. कोणाच्याही मनात आलं नाही की घड्याळकाका चुकत असतील. ते चुकणं शक्यच नव्हतं, तेव्हा गाव चुकत होतं. लोकांनी आपापली घड्याळं दुरुस्तीला दिली. घड्याळजीने ती तपासली, काही बिघाड नाही असं पाहिलं आणि दुरुस्त केली.

पुलावर मगरबाई दुर्बीण लावून बसलेली असायची. रोज आठला पाच कमी असताना पायरीजवळ दोन डोळे आणि नाकपुड्या वर येत. सव्वाआठपर्यंत वाट बघून बुडत. एकदा मगरबाई कापडाला टीप मारून घ्यायला काकूंकडे आली आणि सहज म्हणाली, "आता अख्ख्या गावात बरोबर वेळ फक्त मगरीकडे आहे." काकूंनी मान खाली घालून टीप मारली. मगरबाईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, स्वतःच्या घड्याळाकडे पाहिलं, आणि कापड घेऊन गेली.

पाच आठवडे हे चाललं. काकूंना झोप लागायला लागली. मग एका सकाळी खात्याचे तपासनीस न कळवता आले.

ते पुलावर उभे राहिले, काकांना पायरी उतरताना पाहिलं, स्वतःचं घड्याळ पाहिलं, आणि काका वर आल्यावर वही मागितली. वहीत आठ. घड्याळात आठ तेवीस.

"तुमचं घड्याळ पुढे आहे, साहेब," काका म्हणाले. आवाजात कीव होती.

दोघं स्टेशनवर गेले. स्टेशनातलं घड्याळ साहेबांच्या बाजूने बोललं. साहेबांनी वहीत लाल शाईने शेरा मारला: वेळेची नोंद खोटी. काका घरी आले ते पाय ओढत. भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, गजराचं पाहिलं, रेडिओचं झाकण उघडलं. घरात माणसं दोनच. तपास फार लांबला नाही.

"का?" काकांनी विचारलं.

"तुम्ही जिवंत राहावं म्हणून," काकू म्हणाल्या. "दुसरं काही कारण सुचलं नाही मला."

"सव्वीस वर्षं. एक खाडाखोड नव्हती त्या वहीत." काकांनी रेडिओचं झाकण परत लावलं. "खोटी नोंद. माझी."

काकूंना वाईट वाटलं, खरंच वाटलं. हा माणूस आयुष्यात एकच गोष्ट नीट करत होता आणि तीही त्यांनी कात्री लावून उसवली होती. पण पस्तावा करायला गेलं तर तो येईना. काकांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवण वाढलं की जेवायचे, ताट धुऊन ठेवायचे, आणि घड्याळ उशाशी घेऊन झोपायचे, जणू घरात चोर आहे. चोर समोरच्या पलंगावर टक्क जागा असायचा.

असे दोन दिवस गेले. दोन्ही दिवशी ते बरोबर आठला गेले आणि धडधाकट परत आले, आणि परत येताना मुद्दाम पाय आपटत आले. मगर बहुधा इतक्या दिवसांनी गिऱ्हाईक परत आलेलं पाहून खात्री करून घेत होती.

तिसऱ्या दिवशी काकू बाह्या बेतत होत्या. काका दाराबाहेर पडले. काकूंनी एक बाही कापली, दुसरी कापायला घेतली आणि ती तिरकी गेली. वीस वर्षांत कापड तिरकं गेलं नव्हतं. त्या उठल्या आणि तशाच निघाल्या, चपला न घालता. रस्त्यात शिपाई घंटा देत होता. पुलाकडे बस सुटायच्या बेतात घुरघुरत होती. काकू पळायला लागल्या, सरळ.

पायऱ्यांच्या टोकाशी पोचल्या तेव्हा काका सगळ्यात खाली वाकलेले होते. पाणी अगदी शांत. मग पाणी उठलं.

आवाज फार झाला नाही. काका एका क्षणी वाकलेले होते आणि दुसऱ्या क्षणी कमरेपर्यंत पाण्यात. डावी पोटरी तिच्या जबड्यात. दोन्ही हातांनी त्यांनी खांबावरचं लोखंडी कडं पकडलं होतं आणि नाक पट्टीला लागलं होतं.

"डोळ्यावर मारा!" काकू ओरडल्या. "अहो, डोळ्यावर!"

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. दोन दिवसांनी त्यांनी बायकोशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"चार मीटर वीस!" ते ओरडले. "लिहून घे!"

काकूंना त्या क्षणी मगरीपेक्षा नवऱ्याचाच राग जास्त आला, आणि त्या रागाचंच बळ झालं असावं. त्या पायऱ्या उतरल्या, गुडघाभर पाण्यात गेल्या. हातात कात्री आहे हे त्यांना तेव्हा कळलं. बाही कापायची ती मोठी, जड कात्री. पहिला घाव कवटीवर बसला आणि दगडावर बसल्यासारखा परतला. हात झिणझिणले. दुसरा डोळ्यावर बसला. तिसराही. जबडा उघडला, शेपटीच्या फटकाऱ्याने अर्धी नदी अंगावर आली, आणि काका सुटले.

"बसू नका!" काका बसायलाच निघाले होते. "वर चला, ती परत येईल, वर चला!" काकूंनी त्यांना काखेत धरून पायरीपायरीने ओढलं आणि पार रस्त्यापर्यंत नेलं. मागे पाणी पुन्हा एकदा फुटलं, पायरीला काहीतरी धडकलं. काकूंनी वळून पाहिलं नाही. अंगावरचं शिवणकामाचं फडकं पोटरीला आवळून बांधलं आणि बससमोर जाऊन उभ्या राहिल्या. बसवाल्याने प्रवाशांसकट गाडी दवाखान्याकडे वळवली. नागमोडी पळण्याबद्दल तो वाटेत काही बोलला नाही.

दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, पुन्हा धुतली, औषधं टोचली आणि उघडीच ठेवली.

"शिवत का नाही?" काकूंनी विचारलं. उसवलेलं काही समोर असलं की त्यांना राहवत नसे.

"मगरीच्या दातांची घाण आत राहते. लगेच शिवली तर पाय जाईल. चार दिवस थांबा." मग डॉक्टरांनी काकूंचा सोललेला हात बघितला आणि तोही धुतला. "पाय वाचेल. थोडे लंगडतील."

दुसऱ्या दिवशी बातमी आली की मगरबाईने पिंजरा लावून मगर धरली. एक डोळा सुजलाय, पण बरा होईल, लांबच्या तळ्यात सोडणार आहेत. गाव पिंजरा बघायला लोटलं. काकांना बघायला पोस्टमन आला, तो थोडा हिरमुसलेला होता.

तिसऱ्या दिवशी तपासनीस आले. ओशाळवाणे बसले, पायाकडे बघायचं टाळून.

"तो शेरा मी काढून टाकलाय," ते म्हणाले. "पण मला एक कळत नाही. आठलाच का जात होता तुम्ही? हुकमात सात ते नऊच्या दरम्यान केव्हाही असं आहे. पहिल्यापासून. आणि मगर आल्यावर आम्ही पत्रही पाठवलं होतं, रोज वेळ बदला, वरूनच दुर्बिणीने बघा म्हणून. मिळालं नाही का?"

काका भिंतीकडे बघू लागले. भिंतीवर काही नव्हतं.

साहेब गेले. काकू खुर्चीत बसून होत्या, बांधलेला हात मांडीवर. पाच आठवडे त्या स्वतःला या घरातली खोटारडी समजत होत्या. पकडल्या गेल्यावर दोन रात्री तर जागून, मनातल्या मनात माफी मागत काढल्या होत्या.

"पत्र मिळालं होतं?"

"हो."

"हुकूम नव्हताच?"

"नव्हता." काकांनी पांघरूण सारखं केलं. मग भिंतीलाच म्हणाले, "आठला जातो म्हणून लोक मला ओळखतात. सात ते नऊ केव्हाही जाणारा माणूस, त्याला कोण ओळखणार आहे?"

"मगरीने ओळखलं ना," काकू म्हणाल्या. पण बोलता बोलताच त्यांना रडू फुटलं, आणि एकदा फुटल्यावर त्यांनी ते आवरलं नाही. "मी तिच्या तोंडाशी हात घातला तो तुमच्यासाठी. आठ वाजले होते म्हणून नाही. मी ओळखते तुम्हाला. मी कोणीच नाही का?"

काकूंनी डोळे पुसले, पिशवी उचलली आणि उठल्या.

"उद्या किती वाजता येशील?" काकांनी विचारलं.

"येईन तेव्हा येईन."

दुसऱ्या दिवशी काका सहाला जागे झाले आणि दाराकडे तोंड करून पडून राहिले. सात वाजले. आठ वाजले. दारात पावलं वाजली की ते उशीवरून मान उचलायचे; नर्स असायची, किंवा झाडूवाला. नऊला त्यांनी नर्सला विचारलं, घरून काही निरोप आहे का. साडेनऊला पुन्हा विचारलं. दहाला त्यांना वाटायला लागलं की काकूंचा हात चिघळला असेल, ताप चढला असेल, त्या एकट्याच घरात पडल्या असतील आणि कोणाला कळलंही नसेल. चहा तसाच गार झाला. नर्सने घड्याळ हवंय का विचारलं, तर ते तिच्यावर खेकसले.

काकू सव्वाअकराला आल्या, डबा घेऊन. मुद्दाम. कोपऱ्यावरच्या बाकावर त्या एक तास बसून राहिल्या होत्या, आणि तो तास त्यांनाही सोपा गेला नव्हता.

काकांनी त्यांचा बरा हात घट्ट पकडला. डोळे लाल झाले होते. "मला वाटलं, तू आता येतच नाहीस," ते म्हणाले. "काय काय मनात आलं माझ्या."

"हो ना," काकू म्हणाल्या, आणि डब्याचं झाकण उघडलं. "माझ्या मनात रोज येतं."